रिंग कुठे तोडायची?

चऱ्होलीहून चाकणला जायला दोन वाटा. एक आळंदीवरून, दुसरी मोशीवरून नाशिक हायवेने. कार्तिकीला आळंदीकडचा रस्ता बंद झाला की आम्ही मुकाट मोशी गाठतो. फॅक्टरीतल्या इथरनेट रिंगचा फायदाही एवढाच. स्विच एकापुढे एक जोडत न्यायचे आणि शेवटच्यापासून एक केबल पहिल्याकडे परत आणायची. मधली एखादी तुटली तरी दुसरी बाजू आहेच.

गोम वेगळीच आहे. आयपी पॅकेटला टीटीएल असतो, दर राउटरवर एकेकाने कमी होतो आणि शून्यावर पॅकेट संपतं. इथरनेट फ्रेमला असलं काही नाही! एक ब्रॉडकास्ट सुटला की गोल गोल फिरत राहतो, त्यात आणखी मिसळतात आणि काही क्षणांत नेटवर्क गुदमरतं. म्हणून रिंग बांधायची आणि एका जागी मुद्दाम बंद ठेवायची. ती कोणी बंद ठेवायची आणि गरज पडल्यावर किती लवकर उघडायची, हे प्रोटोकॉल ठरवतो.

सध्या चाकणच्या एका क्लायंटकडे हाच वाद चालू आहे. रॅडिया पर्लमन बाईंनी १९८५ साली शोधलेला स्पॅनिंग ट्री मूळ टायमरवर ३० ते ५० सेकंद घेतो. ऑफिसात तेवढ्यात चहा होईल, पीएलसी नाही थांबणार. २००१ चा आरएसटीपी बराच चपळ, पण नेमका वेळ नेटवर्कच्या रचनेवर आणि कुठला स्विच गेला यावर ठरतो. एमआरपी खास रिंगसाठीच: ५० स्विचपर्यंत, नेहमीच्या सेटिंगला जास्तीत जास्त २०० मिलिसेकंद. टेलिकॉमवाल्यांच्या ईआरपीएसचं लक्ष्य ५०. एचएसआर तर दोन्ही बाजूंनी प्रत पाठवतो, म्हणजे खंडच नाही. पण त्याला हार्डवेअर वेगळं लागतं.

मीटिंगमध्ये सगळे विचारतात, "सगळ्यात फास्ट कुठला?" मला वाटतं विचारायला हवं की मशीन किती वेळ गप्प बसेल. प्रोफिनेटमध्ये सहसा लागोपाठ तीन अपडेट चुकले की संपर्क तुटला असं धरतात. अपडेट दर १२८ मिलिसेकंदांनी असेल तर हातात ३८४ आहेत, एमआरपी आरामात पुरतो. ८ असेल तर फक्त २४. तिथे २०० काय आणि ५० काय, लाईन थांबणारच.

दुसरा प्रश्न मेंटेनन्सच्या दादांनी विचारला. "सर, रात्री तीनला स्विच उडाला तर दुसऱ्या कंपनीचा लावला तर चालेल ना?" काही कंपन्यांचे स्वतःचे रिंग प्रोटोकॉल वेगवान असतात, पण मग स्पेअरही त्यांचाच लागतो. हे कोटेशनमध्ये दिसत नाही, नाइट शिफ्टला दिसतं.

थोडक्यात, माझं मत कन्व्हेयरला एमआरपी, आणि ८ मिलिसेकंदवाली मंडळी पीएलसीच्याच स्विचवर, म्हणजे त्यांचा ट्रॅफिक रिंगवर येणारच नाही. कुठलाही निवडा, पण आधी सगळ्या स्विचवर प्रोटोकॉल चालू करा, रिंग पूर्ण करणारी केबल अगदी शेवटी लावा.