जेलीची कुळकथा

जेली हा पदार्थ आपल्या पानात तसा उपराच. श्रीखंड, बासुंदी, दुधीहलवा यांच्या पंक्तीस तिला अद्याप मानाचा पाट मिळालेला नाही. तरी वाढदिवसाच्या दिवशी लहान मुले हलव्याकडे ढुंकूनही न पाहता त्या लाल, थरथरणाऱ्या वाटीवर झडप घालतात. भुकटी उकळत्या पाण्यात विरघळवावी, गार जागी ठेवावी, आणि काही तासांत पाण्याला आकार यावा, ही किमया मलाही बरेच दिवस केवळ गमतीची वाटे.

मग आमच्या बडोद्याच्या घरी आजीने प्रश्न केला. परदेशी राहणाऱ्या काकांनी माझ्या धाकट्या बहिणीसाठी जेलीची पाकिटे आणली होती. आजीने आजवर घरात अंडेही येऊ दिलेले नाही. तिने वाटी उजेडात धरली आणि विचारले, "बाळ, यात दूध नाही, पीठ नाही. मग हे पाणी धरून ठेवतं कोण?" काका हसून म्हणाले, "आई, गोड लागतं ना, मग झालं! चौकशी कशाला?" पाकिटाच्या पाठीवर बारीक अक्षरांत 'जिलेटिन' असे छापलेले होते, आणि त्याचा अर्थ मी रसायनशास्त्राच्या तासाला ऐकला होता.

जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडे आणि कातडी यांतून काढलेले प्रथिन. हाडे फोडून त्यांतील चरबी काढतात. नंतर ती सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात कित्येक दिवस भिजत ठेवली, की त्यांतील खनिज विरघळून जाते आणि मऊ, स्पंजासारखा भाग उरतो. तो काही आठवडे चुन्याच्या पाण्यात मुरवतात, धुतात, आणि कोमट पाण्यापासून आरंभ करून चढत्या उष्णतेच्या पाण्यात त्याचा अर्क काढतात. पहिला अर्क सर्वांत कसदार. तो गाळून, आटवून, थंड करून त्याच्या शेवया पाडतात; त्या वाळवून दळल्या म्हणजे वास जवळजवळ नसलेली फिकट भुकटी होते. जेलीच्या पाकिटात तिचा अंश थोडा. बाकी बहुतेक साखर, थोडे आम्ल, रंग आणि सुगंध. कातडीतील मूळ प्रथिनाचे धागे तिपेडी वेणीसारखे गुंफलेले असतात. उष्णतेने वेणी सुटते, थंडीने अर्धवट पुन्हा गुंफली जाते, आणि त्या जाळ्यात पाणी अडकते. आजीच्या प्रश्नाचे उत्तर हेच.

अमेरिकेत पीटर कूपर यांनी 1845 साली अशा भुकटीचे पेटंट घेतले. 1897 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील लरॉय गावी पर्ल वेट यांनी तीत फळांचा स्वाद मिसळला, 'जेल-ओ' हे नाव त्यांच्या पत्नीने दिले, आणि दोनच वर्षांत त्यांनी ते सर्व 450 डॉलरना विकून टाकले! पुढे त्या नावाने केवढा व्यापार झाला, हे सर्वश्रुत आहे.

असो. आजीला सांगावे की नाही? काकांनी डोळ्यांनी 'नको' म्हटले. त्यांच्या मते, ठाऊक नसलेल्या गोष्टीचा दोष लागत नाही. मला ते पटले नाही. ज्याचे व्रत, त्यालाच ते मोडायचे की राखायचे हे ठरवता आले पाहिजे. शिवाय हा प्रश्न एकट्या आजीचा नव्हे. जिलेटिन डुकराच्या कातडीचेही होते, म्हणून मुसलमान आणि ज्यू कुटुंबांतही पाकीट उलटून वाचले जाते. मी सांगितले. आजीने वाटी खाली ठेवली. बहिणीच्या हातातली मात्र काढून घेतली नाही. मग तिने विचारले, "हे आणखी कशात असतं?" आता तर अधिकच पंचाईत! औषधाच्या बहुतेक कॅप्सूलांचे कवच जिलेटिनचेच असते, आणि आजी रोज रात्री एक कॅप्सूल घेत असे.

दोन रात्री तिने ती घेतली नाही. आई घाबरली, काका माझ्यावर रागावले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारले, तेव्हा तेच औषध गोळीच्या रूपात मिळते असे कळले. त्यावर आजी एवढेच म्हणाली, "गोळी नसती, तर कॅप्सूल घेतली असती. पण जाणून घेतली असती."

त्यानंतर तिने खंडेराव मार्केटातून 'चायना ग्रास' आणविले. हे गवत नव्हे. समुद्रातील तांबड्या शैवालापासून ते करतात. आपल्याकडे तामिळनाडूच्या किनाऱ्यावर, मंडपमच्या परिसरात, स्त्रिया पाण्यात बुड्या मारून असे शैवाल गोळा करतात. शास्त्रात याला अगर म्हणतात. जंतू वाढविण्यासाठी रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जिलेटिन वापरीत, पण ते उन्हाळ्यात पातळ होई. तेथे काम करणाऱ्या वॉल्थर हेसे यांच्या पत्नी फॅनी यांनी 1881 च्या सुमारास आपल्या स्वयंपाकघरातील अगर सुचविले. आज जगभर जंतूंच्या बशीत तेच असते, पण त्या बाईंचे नाव किती पाठ्यपुस्तकांत आहे?

अगर वितळायला सुमारे 85 अंश सेल्सिअस उष्णता लागते. म्हणून ते जिलेटिनसारखे जिभेवर विरत नाही, चावावे लागते. काकांची तक्रार तीच. उलट ते फ्रिजशिवायही गोठते. आजी ताटलीत ओतून ओट्यावरच ठेवते आणि शंकरपाळ्यांसारख्या वड्या कापते. कोकमाच्या पाण्यातच ते उकळले, तेव्हा नीट धरले नाही, कारण आंबटात फार उकळल्याने त्याची शक्ती क्षीण होते. आता ती साध्या पाण्यात उकळून घेते, खाली उतरविते, आणि मग कोकम घालते.