ओताकू

परवा नात म्हणाली, "आजोबा, मी ओताकू आहे." म्हणजे जपानी कार्टूनची, अ‍ॅनिमेची वेडी. या शब्दाचा मूळ अर्थ 'आपलं घर'. त्यावरून आदरार्थी 'आपण'. १९८३ साली अकिओ नाकामोरी यांनी एका लेखात अशा वेड्यांची टर उडवायला तो वापरला.

मी तरी वेगळं काय केलं? १९९३ साली चेंबूरच्या याच घरात रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'जंगल बुक' लागायचं. गाणं गुलजारांचं, मालिका मात्र जपानी! हिचा बाबा जागचा हलत नसे. "पोरखेळ" म्हणून मी टीव्ही बंद करायचो. पुढे त्याने आपली कुठलीच आवड मला सांगितली नाही.

नातीने मात्र आपणहून सांगितली. म्हटलं, "बस, दाखव मला." आता रोज एक भाग बघतो. तिच्या बाबाला "तूही ये" म्हणायचं अजून राहूनच गेलंय...