सात पुऱ्या, पावणेदोनशे ग्रॅम

कॅसलरॉकला गाडी थांबते ती माणसांसाठी नव्हे, घाटासाठी. इथून कुळेंपर्यंतचा उतार सदतीसला एक: सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली. उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक तपासायचे, जादा इंजिनं जोडायची, चढून आलेल्या गाडीची सोडवायची. तेवढा वेळ प्रवाशांच्या पोटाला मिळतो. चहा, वडा, इडली, ऑम्लेट-पाव. पलीकडे पोर्तुगीजांचा गोवा होता तेव्हा इथे जकातीवाले ट्रंका उघडून बघत. आता कुणी कुणाचं काही उघडून बघत नाही. मी मात्र एकदा पिशवीतून छोटा वजनकाटा काढला, स्टेशनबाहेरच्या टपरीच्या फळीवर ठेवला आणि त्यावर वडा ठेवला.

पहिला त्रेपन्न ग्रॅम. दुसरा एकसष्ट. तिसरा अठ्ठेचाळीस.

मावशींनी कढईवरची नजर न काढता विचारलं, "काय करालाय वो?"

"वजन करतोय."

"किती पायजे ते सांगा की. तेवढा करते."

•

काटा विकत घ्यायला भाची कारणीभूत. पुण्याच्या कुठल्याशा कॅफेतून तिने मेन्यूचा फोटो पाठवला. सँडविचच्या नावापुढे किंमत आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात "४१२ कि.कॅ." खाली तिचा प्रश्न: "मामा, हे खाऊ की नको?" मी कळवलं, भूक लागली असेल तर खा. तिला हे उत्तर पुरलं नाही. खरं तर मलाही पुरलं नाही.

•

नियम असा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० साली लेबल आणि फलकांचे नियम काढले. हॉटेलांनी मेन्यूवर उष्मांक छापायची तारीख आधी १ जानेवारी २०२२ होती, ती सरकून १ जुलै २०२२ झाली. बंधन कुणाला? ज्यांच्याकडे केंद्रीय परवाना आहे किंवा ज्यांच्या दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा आहेत, त्यांना. एका वाढपाचे किती किलोकॅलरी, ते वाढप केवढं, आणि सोबत एक ठरीव वाक्य: सरासरी क्रियाशील प्रौढाला दिवसाला २००० किलोकॅलरी लागतात, मात्र प्रत्येकाची गरज वेगळी असू शकते.

कॅसलरॉकात दहा शाखांचं सोडाच, दुसरी शाखा असलेलं हॉटेलही माझ्या पाहण्यात नाही. नियम बेळगाव-हुबळीपर्यंत येतो आणि तिथेच उतरतो.

अमेरिकेत हीच अट वीस शाखांची आहे (मे २०१८ पासून देशभर, न्यूयॉर्क शहराने दहा वर्षं आधीच, पंधरा शाखांवर, सुरुवात केली होती). इंग्लंडमध्ये अडीचशे नोकर असतील तर. म्हणजे सगळीकडे हिशेब एकच: ज्याच्याकडे पदार्थ साच्यातून निघतो त्याने आकडा लिहावा. हे मला पटतं. जिथे साचा मावशींचा तळहात आहे तिथे आकडा कुणाचा लिहिणार? त्रेपन्नवाल्या वड्याचा, की एकसष्टवाल्याचा?

•

याच नियमांत एक सूट आहे. गिऱ्हाईक आपल्या हाताने घेतं ती फुकटची तोंडीलावणी मोजायची नाहीत. हे वाचून हसू आलं. आमच्याकडे पुरीभाजीतली पुरी पैशाची आणि पातळ भाजी मागाल तितकी. चटणीची बादली तर टेबलावरच. या सुटीत आमचं अर्धं जेवण बसेल.

•

उष्मांक. शाळेत बहिणीच्या गृहशास्त्राच्या पुस्तकात हा शब्द पहिल्यांदा पाहिला. तेव्हा वाटलं होतं, तापाशी संबंधित काहीतरी असणार. फार चुकलो नव्हतो. एक किलो पाण्याचं तापमान एका अंशाने वाढवायला लागते तेवढी उष्णता म्हणजे एक किलोकॅलरी. पिठाच्या आणि साखरेच्या ग्रॅमला चार, तेला-तुपाच्या ग्रॅमला नऊ.

हे माप अन्नाइतकंच कोळशाचंही आहे. २०१२ पासून आपल्याकडे दगडी कोळशाची प्रतवारीच किलोमागच्या किलोकॅलरीवर होते. सगळ्यात वरच्या प्रतीचा कोळसा सात हजारांच्या पुढचा. शेंगदाण्याचं तेल नऊ हजार. वाफेच्या इंजिनांनी हा घाट चढताना जो कोळसा खाल्ला असेल, त्याहून मावशींच्या कढईत किलोमागे आग जास्त आहे.

•

रेल्वे मात्र कधीपासूनच तोलून लिहिते. जनता खाना: सात पुऱ्या १७५ ग्रॅम, बटाट्याची सुकी भाजी १५० ग्रॅम, लोणचं. चहा दीडशे मिलिलिटर, तोही एकशे सत्तर मिलिलिटरच्या कपात, म्हणजे काठोकाठ भरून सांडू नये आणि अर्धा भरून फसवूही नये. २०२३ साली काही स्थानकांवर जनरलच्या डब्यांसमोर वीस रुपयांत पुरीभाजी द्यायला सुरुवात झाली. तिथेही पुऱ्या सातच.

हे वाचायला रूक्ष वाटतं, पण यामागे शंभर वर्षांची भांडणं आहेत. प्रवासी उतरून पुन्हा येत नाही. गाडी हलली की तक्रार गेली. म्हणून ग्रॅम लिहिले. माझ्या मते फलकावरचा हाच आकडा पहिला आणि सगळ्यात प्रामाणिक: तू दिलेले पैसे, मी दिलेलं वजन. उष्मांक त्याच्यानंतरचा, आणि वजन ठाऊक नसेल तर त्याला अर्थच नाही. सात पुऱ्या नि भाजी मिळून सात-आठशे किलोकॅलरी होतील, हा हिशेब मी करू शकतो तो पुऱ्यांचे ग्रॅम रेल्वेने आधी लिहून ठेवलेत म्हणून.

•

आता जरा लांबचं, पण याच धाग्यातलं.

आज ज्या आकड्याने भाची सँडविचपुढे अडते, त्याच आकड्याने या देशाने पन्नास वर्षांपूर्वी गरीब मोजले. पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास छापला. त्यांनी विचारलं, माणशी दिवसाला २२५० किलोकॅलरी मिळण्याइतका खर्च कोण करू शकतो? १९६०-६१च्या भावाने खेड्यात महिन्याला पंधरा रुपये, शहरात साडेबावीस. त्या रेषेखाली खेड्यातली चाळीस टक्के माणसं निघाली, शहरातली पन्नास टक्के. पुढे १९७९च्या सरकारी गटाने आकडे बदलले: खेड्यात २४००, शहरात २१००. दारिद्र्यरेषा म्हणतात ती मुळात एका ताटावरची रेघ.

आणि मग पां. वा. सुखात्मे. साताऱ्याकडच्या बुधचे, संख्याशास्त्रज्ञ, जागतिक अन्न आणि कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागात वीसेक वर्षं काढून पुण्यात परतलेले. त्यांनी मांडलं की गरज ही दगडावरची खूण नव्हे. एकाच धडधाकट माणसाचं खाणं आठवड्या-आठवड्याला वरखाली होतं, शरीर त्याच्याशी जुळवून घेतं. सरासरीच्या खाली गेला तो उपाशी, असं धरलं तर भुकेल्यांचा आकडा फुगतो. दांडेकरांना हे मान्य नव्हतं. पुढची कित्येक वर्षं लेखांतून वाद रंगला. एका शहरातली दोन मराठी माणसं, दोघेही आकड्यांत मुरलेले, आणि भांडण कशावरून? "प्रत्येकाची गरज वेगळी असू शकते" यावरून. भाचीच्या मेन्यूकार्डावर जे वाक्य तळाशी, कुणी वाचू नये इतकं बारीक छापलेलं आहे, त्यावर.

माझं मत विचाराल तर सुखात्म्यांचं शास्त्र मला पटतं आणि दांडेकरांची काळजीही खरी वाटते. शरीर जुळवून घेतं हे कळलं की सरकारं किती पटकन हात आखडते घेतात, हे आपण बघतोच.

•

२००० हा आकडा नेमका कुणाचा? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२०चा तक्ता समोर ठेवला. बैठं काम करणारा पुरुष २११०. बैठं काम करणारी बाई १६६०. अंगमेहनतीचा पुरुष ३४७०, बाई २७२०. २००० यात कुठेच नाही. खुर्चीवर बसून काम करणाऱ्या बाईने मेन्यूवरचं वाक्य प्रमाण मानलं तर रोज ३४० जास्त. आणि रुळांवर राबणाऱ्या गँगमनने मानलं तर तो संध्याकाळपर्यंत टिकणार नाही.

पावसाळ्यात करंझोळ, दूधसागर, सोनावलीच्या पट्ट्यात रात्री कंदील आणि हातोडा घेऊन रूळ तपासत जाणारी माणसं लहानपणापासून पाहिली. वरून दगड सुटतात, दरड येते, म्हणून पायी जाऊन बघावं लागतं. अशातला एकजण सकाळी परतून टपरीत बसला होता. रेनकोट खांबाला टांगलेला, त्यातून पाणी गळतंय. त्याने चार पाव, दोन ऑम्लेट, एक प्लेट भाजी आणि दोन चहा घेतले, एक शब्द न बोलता. शेवटच्या पावाने ताटली कडेपासून मधेपर्यंत पुसली. मी काटा पिशवीतच ठेवला.

•

जून २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कचेऱ्यांत तेल आणि साखरेचे फलक लावायची सूचना केली. नागपूरच्या एम्सचं नाव बातमीत आलं आणि दोन दिवसांत देशभर बोंब झाली की समोशावर, जिलबीवर आता सिगारेटसारखा इशारा छापणार. मंत्रालयाला खुलासा करावा लागला: फेरीवाल्यांच्या पदार्थांवर इशारा लावा असं म्हटलेलंच नाही. समोशाने राग धरला नाही. नागपूरकरांनीही तर्री सोडल्याचं ऐकिवात नाही.

पण तो फलक मला मेन्यूवरच्या आकड्यापेक्षा बरा वाटला. त्यात तेल तेल म्हणून दिसतं, साखर साखर म्हणून. चारशे बारा किलोकॅलरी कुणाला दिसत नाहीत. चार चमचे तेल शेंबड्या पोरालाही दिसतं.

•

आकड्याने खाणं कमी होतं का? वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या जानेवारी २०२५च्या आढाव्यात पंचवीस अभ्यास एकत्र तपासले. घट निघाली सरासरी १.८ टक्के. सहाशे किलोकॅलरीच्या जेवणात अकरा. दोन बदामांइतकी. अमेरिकेत मात्र असंही दिसलं की नियम आल्यावर साखळी हॉटेलांनी नव्याने आणलेल्या पदार्थांत उष्मांक पूर्वीच्या नव्या पदार्थांपेक्षा कमी होते. जुने पदार्थ तसेच राहिले. आकडा खाणाऱ्याला टोचत नाही, रांधणाऱ्याला थोडा टोचतो. माझ्या लेखी नियम टिकवायला हे एवढं कारण पुरे.

•

आमच्याकडे जोयड्याला कंदांचा मेळा भरतो. कुणबी बाया काटेकणगी, कोन, मुडली घेऊन बसतात. कुणाच्या पाटीवर आकडा नसतो. एकीला विचारलं, यातलं जास्त जड कोणतं? ती म्हणाली, "पोटाला का डोक्यावर?"

•

काल पुन्हा टपरीत गेलो. मावशींनी वडा ताटलीत ठेवताना स्वतःच सांगितलं, "पन्नास." तोलला. एकावन्न. मधल्या चार दिवसांत त्यांनी काटा घेतलेला नाही, हात बसवलाय. मग त्यांनी वरून कढईतला चुरा घातला आणि म्हणाल्या, "हे मोजू नका."

•

साखळी हॉटेलवाल्यांना एक विनंती. आकडा छापताच आहात तर किमतीएवढ्या अक्षरात छापा, आणि त्याच्या शेजारी ग्रॅम त्याहून ठळक. आणि तुम्ही, वाचणारे, पुढच्या खेपेला गाडीत जनता खाना घ्याल तेव्हा पाकीट उघडून पुऱ्या मोजा. सात हव्यात.