आडातले पाणी

अकोला जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी हिवरखेड नावाचे गाव आहे. गावाभोवती कपाशीची आणि तुरीची शेते आहेत. उत्तरेकडे मेळघाटाचे डोंगर दिसतात. अशा गावातील विद्यार्थ्यास ‘पावसाळा’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितला, तर त्याच्या वहीत पुष्कळदा काय उतरते? धरणीने नेसलेला हिरवा शालू आणि थुईथुई नाचणारे मोर! वाक्ये शुद्ध असतात, परंतु ती त्याची नसतात. पावसाने ओढ दिली म्हणजे आभाळाकडे लागणारे वडिलांचे डोळे, दुबार पेरणीचे नाव निघताच घरात पसरणारी शांतता, यांना त्या निबंधात जागाच मिळत नाही.

असे का व्हावे? आपले अनुभव साधे, आपली बोली ओबडधोबड; ती कागदावर कशी शोभणार, असा संकोच मुलाच्या मनात असतो. हा संकोच किती व्यर्थ आहे, हे याच वऱ्हाडातील एका थोर पुरुषाने दाखवून दिले आहे.

गाडगे महाराजांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. शाळेचे शिक्षण त्यांना लाभले नाही. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती खराटा व गाडगे, अशा वेषात ते गावोगाव हिंडले. कीर्तनास उभे राहिले म्हणजे त्यांच्यापुढे पोथी नसे. ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत आणि मिळालेल्या उत्तरातून त्यांचे पुढले वाक्य जन्मास येई. कर्ज काढून केलेली लग्ने, देवापुढे होणारी पशुहत्या, शाळेवाचून राहिलेली मुले, हे त्यांचे विषय. आणि भाषा रोजच्या बोलण्यातली, वऱ्हाडी वळणाची. लोक पोट धरून हसत आणि हसता हसता विचारात पडत.

हे सारे आयत्या वेळी सुचे, म्हणून ते आयते मिळे असे मात्र नव्हे. गावात पाऊल टाकताच महाराज खराटा घेऊन रस्ते झाडू लागत. झाडता झाडता सारे गाव त्यांच्या नजरेखालून जाई. रात्रीच्या कीर्तनाची तयारी दिवसाच्या त्या श्रमात होत असे. आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

जे वाणीचे, तेच लेखणीचे. उद्धव शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली. कौतिक नावाच्या एका गरीब, कष्टाळू स्त्रीची ती कथा. तिच्यातील माणसे वऱ्हाडीतच बोलतात. आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, साऱ्या महाराष्ट्राने तिला आपले मानले.

ज्याला स्वतःची शैली हवी, त्याने आधी डोळे उघडे ठेवून पाहावे. मग सुचेल तसे, न अडखळता लिहून काढावे. लिहिलेले मोठ्याने वाचावे आणि जे वाक्य कोणत्याही गावच्या कोणत्याही मुलास लिहिता आले असते, ते निःसंकोचपणे खोडावे. प्रमाण भाषा व शुद्धलेखन अवश्य शिकावे, कारण त्यामुळे आपले म्हणणे दूरवर पोहोचते. परंतु म्हणणे मात्र आपले असावे.

असा पहिला निबंध कदाचित वेडावाकडा होईल. शालू व मोर त्यात नसतील. पण त्यात पडणारा पाऊस हिवरखेडचा असेल, आणि तो वाचताना दूरच्या एखाद्या वाचकालाही ओल्या काळ्या मातीचा वास येईल.