स्वराज द्वीपचे उजळते पाणी

मराठी माणूस अंदमानास जातो तो बहुधा यात्रेकरूच्या भावनेने. ज्या सेल्युलर जेलमध्ये स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९११ ते १९२१ अशी दहा वर्षे काढली, तेथील कोठडी पाहावी, डोळे पुसावे आणि परतावे, असा परिपाठ. आम्ही उभयतांनीही तो पाळला. परंतु श्री विजयपुरमहून (२०२४ पर्यंत याचे नाव पोर्ट ब्लेअर होते) बोटीने दोन-अडीच तासांवर असलेल्या स्वराज द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवर, जे पाहिले ते वाचकांच्या कानी घालावेसे वाटते.

डिसेंबर २०२४ ची मार्गशीर्ष अमावास्या आम्ही मुद्दाम गाठली होती; चांदण्यात हा देखावा फिका पडतो. तिकडे घड्याळ आपलेच, पण सूर्य पाचाच्या सुमारास मावळतो. लांजीत गुरे घरी परततात त्या वेळी तेथे गडद काळोख. आमचा वाटाड्या फाळणीनंतर पूर्व बंगालातून आणून वसविलेल्या कुटुंबातला तरुण. जन्म बेटावरचा, घरची भाषा बंगालीच. आपल्यासारख्यांना याचे नवल नको.

कयाक म्हणजे आमच्याकडच्या डोंग्याहून हलकी, दोघांपुरती अरुंद होडी. दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने ती हाकायची. बाघ नदीच्या खोऱ्यात जन्म गेला तरी आम्हांस पोहता येत नाही. लाइफ जॅकेट चढवताना सौ.नी मगरींविषयी विचारले. प्रश्न अस्थानी नव्हता. अंदमानच्या खाजणांत खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत आणि २०१० मध्ये याच बेटाच्या किनाऱ्यावर एक परदेशी तरुणी मगरीच्या हल्ल्यात प्राणास मुकली होती. वाटाड्याने काही लपविले नाही. वाट ठरलेली आहे, माझ्यामागेच राहा, हात पाण्यात फार वेळ ठेवू नका, एवढेच तो म्हणाला. सौ. क्षणभर थांबल्या आणि आमच्याआधी होडीत बसल्या.

तिवरांच्या मुळांमधून होड्या आत शिरल्या. विजेऱ्या विझल्या. प्रथम काहीच दिसेना. मग वल्हे पाण्यात बुडाले, आणि त्याभोवती राखेतील निखाऱ्यावर फुंकर घालावी तसे पाणी उजळले व विझले. छायाचित्रांत दिसतो तसा भडक निळा रंग तो नव्हे. कॅमेरा येथे बराच खोटेपणा करतो. डोळ्यांना दिसतो तो फिकट, किंचित निळसर उजेड. होडीखालून एक मासा निसटला, त्याची वाट रेघेसारखी उमटली. सौ.नी वल्हे वर धरले तर निथळणारे थेंबही पाण्यास टेकताच चमकत होते.

हा उजेड एकपेशीय प्लवकांचा. पाण्याचा धक्का बसला की त्यांच्या पेशीत ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा लखलखाट होतो. आमच्या काजव्यांच्या प्रकाशद्रव्यालाही हेच नाव आहे. द्रव्ये मात्र भिन्न. शास्त्रज्ञांचा एक तर्क असा की, आपल्याला खाणाऱ्या सूक्ष्म जीवावर त्याहून मोठ्या भक्षकाची नजर पडावी म्हणून ही आरोळी असते. म्हणजे ज्याला आम्ही दिवाळी म्हणत होतो, तो त्या जीवांचा ‘चोर, चोर’ असा पुकारा होता!

सोबतच्या एका होडीतील मंडळींना हे कळूनही राहवेना. त्यांनी वल्ह्यांनी पाणी घुसळण्यास आरंभ केला. थोड्याच वेळात तेथला उजेड मंदावला. वारंवार छेडल्यास हे जीव थकतात, त्यांना पुन्हा सावरण्यास अवधी लागतो. वाटाड्याने रागावून नव्हे, पण ठामपणे सर्वांची वल्ही मांडीवर घेवविली. नंतरची पाच-दहा मिनिटे कोणी बोलले नाही. खरे पाहणे त्या वेळी झाले.

कोकणच्या किनाऱ्यावरही असा उजेड दिसतो. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याची पुष्कळ चर्चा झाली. तेथे तो बहुधा नॉक्टिल्युका या प्लवकाचा असतो. अरबी समुद्रात हिवाळ्यात त्याचे हिरवे थर माजू लागले आहेत, त्याचा संबंध पाण्यातील घटत्या ऑक्सिजनशी आहे, असे हेल्गा गोम्स, जोआकिम गोएस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले. जेलीफिश तो खातात. लहान माशांचे पोषण ज्या अन्नसाखळीवर चालते तिला तो फारसा उपयोगी नाही. कोळ्याला त्या चकाकीचे कौतुक कसे असावे?

कोणास जावयाचे असल्यास आमगावला हावड्याची गाडी धरावी, कोलकत्याहून विमानाने श्री विजयपुरम गाठावे. पंचांग पाहून अमावास्येच्या आगेमागे दोन रात्री बेटावर काढाव्या. एका रात्री पाऊस आला तर दुसरी हाती राहते. आणि वाटाड्यावाचून खाजणात पाऊल टाकू नये.