यादी आणि फलक

वाण्याकडे निघालेल्या माणसाला कागदाचा चिठोरा पुरतो. तूरडाळ, गूळ, काडेपेटी. वस्तू घेतली की तिच्यावर रेघ ओढावी. एवढ्यासाठी कोणी भिंतीवर फलक टांगला तर शेजारी हसतील, आणि त्यांचे हसणे रास्तच ठरेल!

परंतु एकच काम अनेक हातांतून जाऊ लागले म्हणजे खिशातली यादी मुकी होते. काम कोठे अडले आहे, हे इतरांना कसे कळावे? जपानमधील टोयोटाच्या मोटार-कारखान्यात तायची ओनो यांच्यापुढे हाच प्रश्न होता. पुढे गरज नसलेले सुटे भाग मागे तयार होत राहिले, तर कामगारांचे श्रम वाया जात. १९५३ साली तेथील यंत्रशाळेत चिठ्ठ्यांची पद्धत सुरू झाली. पुढच्याने भाग उचलला की चिठ्ठी मागे जाई. ती आल्यावाचून नवा भाग करावयाचा नाही. या चिठ्ठीला ‘कानबान’ म्हणतात. जपानी भाषेत त्याचा अर्थ पाटी.

शाळेच्या हस्तलिखितालाही असा फलक उपयोगी पडतो. लेखन, सुवाच्य प्रत, चित्रे असे रकाने आखावेत आणि प्रत्येक लेखाची चिठ्ठी पुढे सरकवावी. चित्रांच्या रकान्यात चिठ्ठ्या साचल्या, की चित्रे काढणाऱ्या अबोल मुलावर किती भार पडला आहे, हे त्याने न सांगताच साऱ्या वर्गाला दिसते.