एकट्यानं खेळायचा खेळ

कॉम्प्युटरवरच्या खेळांचे ढोबळमानानं दोन प्रकार. एक चारचौघांनी मिळून खेळायचा. त्यात समोर माणसं हवीतच, म्हणून इंटरनेटही हवंच. त्याबद्दल तक्रार नाही. दुसरा एकट्यानं खेळायचा. दार लोटून घ्यावं, कानाला हेडफोन लावावा आणि दोन तास कुणाच्या अध्यात-मध्यात नसावं, एवढ्यासाठी असलेला. माझी तक्रार या दुसऱ्या प्रकारातली आहे, कारण हल्ली त्यातही आपल्याला एकटं सोडत नाहीत.

गेल्या शनिवारचंच सांगतो. जेवणं झाली, घरातले झोपले आणि मी रीतसर पैसे मोजून घेतलेला एक जुना खेळ काढला. रात्रीच्या अंधारात चोरपावलांनी गढीत शिरायचं, पहारेकऱ्यांना चुकवत आतली तिजोरी गाठायची, एवढंच त्यात आहे. दुसऱ्या माणसाचा संबंधच येत नाही. आयकॉनवर क्लिक केलं, तर आधी ज्या ऑनलाइन दुकानातून तो घेतला होता त्या दुकानाची खिडकी उघडली. तिला स्वतःला अपडेट व्हायचं होतं. झाली. मग तिनं खेळाच्या प्रकाशकाची आणखी एक खिडकी उघडली. तिलाही अपडेट व्हायचं होतं. तीही झाली आणि म्हणाली, पुन्हा लॉगिन करा. पासवर्ड घातला, तर तिला मी ‘नव्या ठिकाणाहून’ आल्याचा संशय आला. टेबल तेच, खुर्ची तीच, मीही तोच. ज्या चौकोनांत मोटरसायकल दिसते ते निवडा, असा हुकूम झाला. एका चौकोनात नुसता आरसा आला होता. मोटरसायकलचा आरसा म्हणजे मोटरसायकल धरायची की नाही, यावर एक कर्ता माणूस रात्री अकरा वाजता डोकं खाजवत बसला होता. नंतर ईमेलवर कोड पाठवला म्हणे. तो आला तेव्हा त्याची मुदत उलटून गेली होती. दुसरा मागवला. शेवटी बदललेल्या अटी आल्या. त्या तळापर्यंत सरकवल्याशिवाय ‘मान्य’चं बटण उजळत नव्हतं, म्हणून सरकवल्या. वाचल्या असं मी म्हणणार नाही, आणि त्या वाचल्या जाव्यात अशी लिहिणाऱ्याचीही अपेक्षा नसावी. गढीच्या तटापाशी पोचेपर्यंत पाऊण तास गेला. त्यामानानं आतले पहारेकरी फारच साधे निघाले.

पूर्वी हे एका सीडीत भागायचं. डबीच्या मागच्या बाजूला सीरियल नंबर छापलेला असे. तो एकदा टाइप केला की खेळ आपल्या कॉम्प्युटरवर बसला. पुढे तुम्ही तो दहा वर्षं खेळा, नाहीतर कंटाळून शेजारच्याला देऊन टाका. आता खरं बोलायचं तर तेव्हा मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवर मिळणाऱ्या खेळांच्या सीड्या बहुतेक चोरीच्याच असत, आणि गावोगावच्या सायबर कॅफेत पोरं जे काउंटर-स्ट्राइक खेळत त्याचे पैसे मूळ कंपनीला क्वचितच पोचत. कंपन्यांचा राग बिनबुडाचा नव्हता. त्या रागातून काढलेला उपाय मात्र चोराच्या ऐवजी गिऱ्हाइकाच्या मानेवर बसला.

२००३ साली व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीनं स्टीम हे आजचं ऑनलाइन दुकान सुरू केलं, ते तेव्हा मुख्यतः आपल्या खेळांचे अपडेट्स पोचवायला. १६ नोव्हेंबर २००४ ला त्यांचा ‘हाफ-लाइफ २’ आला. एकट्यानं खेळायची, गोष्ट असलेली, उत्तम चीज. तो दुकानातून डबीत विकत आणला तरी घरी येऊन स्टीमवर खातं उघडावं लागे आणि इंटरनेटवरून कुलूप काढून घेतल्याशिवाय डिस्कवरचा खेळ सुरू होत नसे. पहिल्याच दिवशी कुलूप काढणाऱ्यांची इतकी झुंबड उडाली की हातात डिस्क घेऊन लोक ताटकळत बसले. आपल्याकडे तेव्हा डायल-अपचा जमाना. फोन लावला की मोडेम किंचाळायचा, आणि घरात कुणी रिसीव्हर उचलला की सगळं मुसळ केरात. पुढे बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं. त्याच्या काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोफत असे, म्हणून गजर लावून उठणारी आणि डाउनलोड सुरू करून पुन्हा झोपणारी एक अख्खी पिढी महाराष्ट्रात आहे. अमेरिकेतल्या ज्या टेबलावर ही सक्ती ठरली, तिथं रात्री दोनचा गजर कुणाच्या डोक्यात असणार?

बाकीच्या कंपन्यांनी वेगळं काय केलं? एकीनं वाट पाडली, बाकीच्यांनी तिचा हमरस्ता केला. मार्च २०१० मध्ये युबिसॉफ्टनं ‘असॅसिन्स क्रीड २’ कॉम्प्युटरवर आणला. अट अशी की खेळत असताना पूर्ण वेळ त्यांच्या सर्व्हरशी जोडलेलं राहायचं. जोडणी तुटली की खेळ जागीच थांबणार. त्याच महिन्यात कुणीतरी त्या सर्व्हरवर हल्ला चढवला आणि पैसे देऊन घेणारे बाहेर अडकले. चोरीच्या प्रतीतून पुढे ही अट काढूनच टाकलेली होती. म्हणजे खेळ विकत घेणाऱ्याला शिक्षा आणि चोराला सोय. १५ मे २०१२ ला ‘डायाब्लो ३’ आला, एकट्यानं खेळायचा म्हटला तरी ऑनलाइन राहणं सक्तीचं, आणि पहिल्याच दिवशी जगभर ‘एरर ३७’ एवढंच दिसत राहिलं. २०१३ च्या मार्चमध्ये ‘सिमसिटी’. तिथं तर सांगितलं गेलं की शहराची काही आकडेमोड आमच्या सर्व्हरवर होते, त्यामुळे इंटरनेटवाचून हा खेळ चालणं शक्यच नाही. एका हौशी माणसानं थोडीफार कोडची खटपट करून तो इंटरनेटवाचून चालवून दाखवला. वर्षभरानं कंपनीनंच ऑफलाइन सोय दिली. अशक्य होतं ते वर्षात शक्य झालं.

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला माझा हा सगळा त्रागा जुन्या माणसांच्या कुरकुरीत जमा वाटतो. ‘‘मामा, नेट नाही असं असतं का कधी आता?’’ असं तो म्हणाला. असतं. आमच्याकडे वळवाचा पहिला पाऊस झाला की वीज जाते. लॅपटॉपला बॅटरी आहे, राउटर इन्व्हर्टरवर आहे, पण कोपऱ्यावरच्या खांबावर केबलवाल्यानं लावलेल्या डब्याला वीज नाही. म्हणजे खेळ माझ्या लॅपटॉपवर आहे, लॅपटॉप चालू आहे, मला वेळ आहे, आणि तरी खेळता येत नाही. ऑफलाइन मोड नावाची सोय काही ठिकाणी असते, पण बऱ्याचदा ती लावून घ्यायला आधी ऑनलाइन असावं लागतं. वीज जाणार हे आदल्या दिवशी ठाऊक असणाऱ्यांसाठी ती उत्तम आहे.

भाच्याचा एक मुद्दा मात्र खरा आहे. या दुकानांनी सोयी दिल्या. तालुक्याच्या गावात ज्या खेळाची डिस्क कधीच आली नसती तो आज तिथल्या पोराला रुपयांत किंमत बघून घेता येतो. सेलमध्ये तो निम्म्याहून खाली येतो. स्टीमवर तर २०१५ पासून खेळ पसंत पडला नाही तर चौदा दिवसांच्या आत, आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर, पैसे परत मिळतात. लॅमिंग्टन रोडच्या फेरीवाल्यानं सीडी परत घेतल्याचं मी ऐकलेलं नाही. तेव्हा दुकान असायला माझी हरकत नाही. विक्री झाल्यावरही दुकानदार घरात येऊन बसतो आणि उठायचं नाव घेत नाही, त्याला आहे.

आणि तो घरात बसलेला असतो, कारण त्याच्या हिशेबी घर त्याचंच असतं. मुंबईतली पागडीची खोली आठवा. पागडी भरभक्कम मोजायची, वर भाडं द्यायचं, आणि मालक दुसराच. पण पागडीवाल्याला निदान मालकाचा वाटा देऊन खोली दुसऱ्याच्या नावावर करता येते, आणि घरातल्यांना ती पुढे मिळते. या खेळांचं तेवढंही नाही. विकता येत नाही, देता येत नाही. स्टीमच्या अटींनुसार खातं मृत्युपत्रानंसुद्धा वारसाकडे जात नाही. फ्रान्समधल्या एका ग्राहक संघटनेनं फेरविक्रीच्या हक्कासाठी व्हॉल्व्हला कोर्टात खेचलं. २०१९ मध्ये पॅरिसच्या कोर्टानं तिच्या बाजूनं निकालही दिला. २०२२ मध्ये अपिलात तो फिरला.

खेळ आपला नाही याचा अर्थ काय, हे २०२४ साली ‘द क्रू’ घेतलेल्यांना कळलं. गाड्यांचा खेळ, २०१४ चा. त्यात एकट्यानं खेळायची चांगली मोठी कहाणी होती, आणि कित्येकांकडे त्याची डबीतली डिस्कही होती. ३१ मार्च २०२४ ला युबिसॉफ्टनं सर्व्हर बंद केले. खेळ संपला. शर्यतीतले इतर खेळाडू गेले, हे समजण्यासारखं आहे. पण मोकळ्या रस्त्यावर एकट्यानं गाडी हाकणंही बंद. त्यानंतर अनेकांच्या खात्यातून तो खेळ काढूनच घेतला. त्यावर ओरड झाली तेव्हा त्याच कंपनीनं पुढच्या दोन भागांसाठी ऑफलाइन सोय जाहीर केली. म्हणजे इथंही ‘जमत नाही’ हे कारण नव्हतं.

चोरीच्या भीतीचं म्हणाल, तर पोलंडच्या सीडी प्रोजेक्टचं उदाहरण समोर आहे. २००८ मध्ये त्यांनी सुरू केलेलं जीओजी नावाचं दुकान कुलूप नसलेले खेळ विकतं. फाइल उतरवून घ्या, हार्डडिस्कवर ठेवा, पुन्हा कुणाला विचारायला नको. त्यांचा स्वतःचा ‘विचर ३’ २०१५ मध्ये तिथं पहिल्या दिवसापासून असाच, बिनकुलपाचा विकला गेला. सगळी दुकानं मिळून त्याच्या पाच कोटींहून जास्त प्रती खपल्या आहेत. कुलूप नव्हतं म्हणून कंपनी भिकेला लागली नाही.

‘द क्रू’ बंद पडल्यावर रॉस स्कॉट या यूट्यूबरनं ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. मागणी साधी आहे: सर्व्हर आयुष्यभर चालवा असं कुणी म्हणत नाही, पण बंद करताना विकलेला खेळ चालेल अशा स्थितीत सोडून जा. युरोपीय संघाकडे दिलेल्या त्यांच्या अर्जावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात २०२५ पासून कायदाच आहे की डिजिटल माल ‘विकत घ्या’ म्हणून विकायचा असेल, तर ग्राहकाला फक्त परवाना मिळतोय हे स्पष्ट सांगावं लागेल. सांगणं हे काही देणं नव्हे, पण निदान फसवणूक तरी राहत नाही. आपल्याकडे एवढंही नाही.

तेव्हा माझ्यापुरता मी एक नियम केला आहे. एकट्यानं खेळायच्या खेळाला सतत इंटरनेट लागतं असं पानावर लिहिलेलं दिसलं, की तो घ्यायचा नाही, सेलमध्ये नव्वद टक्के सूट असली तरी नाही. हे बारीक अक्षरात, उजवीकडच्या रकान्यात, बरंच खाली लिहिलेलं असतं. पैसे भरण्याआधी तुम्हीही तेवढं खाली जाऊन वाचत चला.